वाचकांचे प्रश्न: खुर्ची आधी उलटी करून बघा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की डेन्मार्क, स्वीडनकडच्या १९५०-६० च्या दशकातल्या लाकडी डायनिंग खुर्च्या आपल्याकडंही जुन्या घरांत, बंगल्यांच्या माळ्यावर कुठं कुठं निघतात, त्या भंगारवाल्याला देऊ नका. त्यावर इतकी पत्रं आली की ह्या महिन्यात दुसरा विषयच घेत नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, सासऱ्यांनी मुंबईत असताना एका विदेशी कंपनीच्या साहेबाचा बंगला रिकामा झाला तेव्हा सहा डायनिंग चेअर घेतल्या होत्या, ७२-७३ साल असेल. आता घराचं काम काढलंय आणि मिस्टर म्हणतात जुनं सगळं देऊन टाकू. एका खुर्चीच्या सीटखाली शिक्का आहे पण अर्धा पुसलाय, "डेन्मार्क" एवढंच वाचता येतंय. ओरिजिनल असतील का? किती येतील? – ताराबाई पार्क, कोल्हापूर

आधी मिस्टरांना थांबवा. मग जमिनीवर एक गोधडी अंथरा आणि खुर्ची त्यावर उलटी करून ठेवा, कारण खुर्ची वरून दिसते ती सगळीच छान दिसते, खरं काय ते खालूनच कळतं.

शिक्का आहे ही चांगलीच गोष्ट. कुणी लाकडात भाजून उमटवलेला असतो, कुणी कागदी लेबल लावलेलं असतं, आणि काहींना "डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल" ह्या तिकडच्या दर्जा-तपासणीची छोटी गोल चकती असते. पण बाकीच्या पाचांवर शिक्का नसला म्हणून त्या खोट्या म्हणू नका, पन्नास वर्षांत लेबलं गळून पडतात, सीटचं कापड बदलताना शिक्क्याची फळीच कुणीतरी बदललेली असते. मी शिक्क्यापेक्षा तीन गोष्टी बघते. एक म्हणजे पाय. जिथं पाय आणि आडवी पट्टी जुळते तिथं लाकूड जाड असतं आणि मग खाली आणि वर निमुळतं होत जातं, कारण जोर सगळा सांध्यावर येतो हे त्या लोकांनी नीट ओळखलं होतं, आणि तेवढ्यासाठीच खुर्ची बारीक दिसूनही टिकते. दुसरं, पाठीची पट्टी. ती सपाट फळी वाकडी कापून काढलेली नसते, जाड लाकडातून आत-बाहेर दोन्हीकडून कोरून काढलेली असते, डोळे मिटून हात फिरवा, कुठंही धार लागणार नाही. तिसरं म्हणजे आतल्या कोपऱ्यातले ठोकळे आणि स्क्रू, ते जागचे हललेत का, नवीन भोकं पडलीत का ते बघा.

लाकूड बहुतेक साग असणार. युद्धानंतर डेन्मार्कमधे सागाचं फर्निचर जोरात होतं आणि तो साग थायलंड, ब्रह्मदेशाकडून जायचा. म्हणजे आपल्या वाड्यांत ज्याला आजोबा "बर्मा टीक" म्हणून मिरवायचे त्याच जातीचं लाकूड कोपनहेगनला गेलं, तिथं त्याची खुर्ची झाली आणि ती खुर्ची तुमच्या घरी आली, मला हे फार भारी वाटतं. नील्स मोलर नावाच्या माणसानं १९४४ मधे डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात कारखाना काढला, त्याच्या ७१ नंबरच्या (१९५१) आणि ७८ नंबरच्या (१९६२) डायनिंग खुर्च्या आजही लोक शोधत फिरतात. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोतली पाठ त्या घराण्यातली वाटते पण फोटोवरून शिक्कामोर्तब करणार नाही.

त्याच सुमारास मुंबईतल्या कारखान्यांनीही ह्या धर्तीच्या सागवानी खुर्च्या केल्या, त्यामुळं शिक्का नसलेली खुर्ची आपल्याकडचीही असू शकते. ती कमी नाही. काम चांगलं असेल तर तिलाही तेवढंच जपा.

किंमत पत्रावरून सांगत नाही. एवढंच सांगते, सहाच्या सहा एकत्र ठेवा. दोन पुण्याच्या नणंदेला, दोन दिराला असं वाटून टाकलं की सेट मोडला, आणि मोडलेल्या सेटला विचारणारे कमी.

खुर्चीवर बसलं की कर्र आवाज येतो आणि मागचे पाय हलतात. आमचा सुतार म्हणतो दोन दोन खिळे मारतो नाहीतर आतून लोखंडी अँगल लावतो, फेविकॉल ओततो, अर्ध्या तासाचं काम. करू दे का? – राजारामपुरी, आणि असंच गडहिंग्लज, इचलकरंजीहून तिघांनी विचारलंय

नाही. नका करू देऊ. ह्यावर मी जरा सविस्तर लिहिते कारण खुर्ची वाळवीनं किंवा पावसानं जाते त्यापेक्षा जास्त ह्या अर्ध्या तासाच्या कामानं जाते.

माझ्या हातातली पहिली खुर्ची अशीच गेली. मला तेव्हा काही कळत नव्हतं, मिस्त्री म्हणाला खिळा मारतो, मी म्हटलं मारा. चार महिने खुर्ची घट्ट राहिली. मग पावसाळा आला, लाकूड फुगलं, दिवाळीनंतर परत आक्रसलं, खिळा मात्र होता तेवढाच राहिला, आणि एका रात्री जेवताना पाहुणे मागं रेलले तसा पायाला वरून खाली उभा तडा गेला. हललेला सांधा दुरुस्त होतो, फाटलेला पाय होत नाही, नवीन करावा लागतो.

सांधा हलतो म्हणजे लाकूड मोडलेलं नसतं, आतला गोंद मेलेला असतो. जुन्या खुर्च्यांत बऱ्याचदा सरस असतो, आपल्याकडचे जुने सुतार जनावराच्या चामड्याचा-हाडांचा शिजवून वापरायचे तोच. इतक्या वर्षांत तो वाळून साखरेच्या खड्यासारखा होतो, सांधा उघडला की पिवळे-तपकिरी कण खाली पडतात. त्या कणांवरच वरून फेविकॉल ओतला तर तो लाकडाला धरतच नाही, मेलेल्या गोंदाला धरतो, आणि मेलेला गोंद लाकडाला सुटलेलाच असतो. म्हणून सांधा उघडायलाच लागतो.

करायचं असं. प्रत्येक भागावर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीनं लिहा, "डावा पुढचा", "उजवी आडवी", कारण सगळे भाग दिसतात सारखे पण एकाचं भोक दुसऱ्याच्या जिभेला, म्हणजे भोकात बसणाऱ्या टोकाला, बसत नाही. आडवी पट्टी आणि पाय ह्यांच्यामधे कुठं बारीक खिळा किंवा लाकडी खुंटी आडवी मारलीय का ते टॉर्च लावून बघा, असेल तर ती आधी काढा, नाहीतर ओढताना तिथंच लाकूड फाटेल. मग रबरी हातोडीला फडकं गुंडाळून हळूहळू ठोका. जो सांधा सुटत नाही त्याला सोडा, त्याला कुणी हलवा म्हणून सांगितलेलं नाही. अगदीच अर्धवट अडकला असेल तर कडेनं गरम पाणी किंवा कोमट व्हिनेगर सिरिंजनं थेंब थेंब सोडायचं आणि पंधरा-वीस मिनिटं वाट बघायची, सरस पाण्यानं आणि उष्णतेनं मऊ पडतो. सांध्यातला सगळा जुना गोंद बोथट पटाशीनं खरवडून काढायचा, लाकूड तासायचं नाही, एक कागदभर तासलं तरी सांधा ढिला होतो. साग तेलकट असतो म्हणून गोंद लावायच्या जरा आधी तो भाग थिनर लावलेल्या फडक्यानं पुसून घ्यायचा.

आणि आता खरी गंमत, क्लॅम्प नसले तरी चालतं. सुती दोरी चारी पायांभोवती दुहेरी गुंडाळायची, मधे एक काडी घालायची आणि पीळ देत जायचं, आपल्या घरात बाजेची दोरी ताणताना पाहिलं असेल तसंच. दोरी लाकडाला लागते तिथं जुन्या चादरीची घडी ठेवा. दाब आला की खुर्ची ओट्याच्या कडाप्प्यावर नाहीतर एकदम सपाट फरशीवर उभी करून चारी पाय टेकतात का बघा, समोरासमोरच्या कोपऱ्यांची दोन्ही मापं टेपनं घेऊन सारखी आहेत का बघा, गोंद ओला असतानाच जे काय सरकवायचं ते सरकवा. मग चोवीस तास हात लावायचा नाही, जुलै-ऑगस्टात असाल तर दोन दिवस.

टिंबर मार्केटच्या बाजूला अजून काही वयस्कर मिस्त्री आहेत ज्यांना सरस म्हटल्यावर डोळ्यात चमक येते. त्यांना शोधा. सरसानं जोडलेला सांधा पुढच्या पिढीला परत उघडता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

आमच्याकडं चार खुर्च्यांना कागदाच्या दोरीचं विणलेलं सीट आहे (खरंच कागद आहे का हो?) रविवारी जेवताना मुलाच्या हातून तांबडा रस्सा सांडला. आणि एका खुर्चीची दोरी पुढच्या बाजूला तुटलीय, वेत किंवा नवारपट्टी लावून घेऊ का? – कसबा बावडा

होय, कागदच. कागदाला घट्ट पीळ देऊन तीन पदरी दोरी केलेली असते, जाडी साधारण ३ मिलिमीटर. आधी तिकडं समुद्री गवताच्या दोरीची सीटं विणायचे, युद्धाच्या काळात ते गवत मिळेना म्हणून कागदाची दोरी आली आणि मग गवतापेक्षा तीच बरी म्हणून राहिली. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची जी सगळ्यात प्रसिद्ध "वाय" खुर्ची आहे, १९४९ चं डिझाईन, तिच्या एका सीटला जवळजवळ १२० मीटर दोरी लागते आणि मुरलेला विणकर ती साधारण तासाभरात हातानं विणतो. कागद आहे म्हणून घाबरू नका, नीट वापरलं तर वीस-पंचवीस वर्षं सहज जातं.

रस्सा सांडला की घासायचं नाही, घासलं की तेल आणि तिखटाचा रंग पिळात आत जातो. पांढरं सुती फडकं नाहीतर टिश्यू वरून दाबत राहायचं, फडकं बदलत राहायचं, नंतर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, फडकं अगदी कोरडं वाटेल इतकं पिळून टिपायचं. भिजवायचं नाही, कागद भिजला की सैल पडतो आणि वाळताना वेडावाकडा ताणतो. हळदीचा पिवळेपणा उजेडानं कमी होत जातो, सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून येतं तिथं रोज तासभर ठेवा, दुपारचं ऊन नको कारण लाकूड तडकेल. तेलाचा डाग मात्र थोडा राहणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या घरी लोक जेवलेत एवढाच त्याचा अर्थ.

तुटलेल्या दोरीचं. वेताच्या जाळीला चौकटीत कडेनं भोकं पाडावी लागतात, आणि ज्या पट्टीवर माणसाचं वजन येतं तिच्यात रांगेनं भोकं पाडली तर ती पट्टी तिथंच मोडते. नवार सैल पडते. नायलॉनची दोरी लाकडाच्या कडा कापते. खरी कागदी दोरी बाहेरून मागवता येते, महाग पडते पण चार खुर्च्यांचं एकदमच मागवा. चौकटीच्या आतल्या बाजूला एल आकाराचे छोटे खिळे असतील तर ते काढून टाकू नका, मोलरच्या खुर्च्यांत दोरी त्यांनाच अडकवत नेतात. मी दोन वर्षांपूर्वी बाजा विणणाऱ्या एका काकांना तुटकं सीट उलगडून दाखवलं होतं. ते पाच मिनिटं नुसते बघत बसले, बोटानं एक पदर वर, एक खाली असं मोजत, मग म्हणाले "ही तर चार कोपऱ्यांतनं मधी येणारी हाय, बाजेचीच भैन". पहिल्या सीटला त्यांना दोन दिवस लागले, तिसरं त्यांनी एका सकाळीत केलं, आणि ताण इतका सारखा की बोटानं टिचकी मारली तर डफासारखा आवाज येतो.

२०२१ च्या पुरात तळमजल्यात पाणी आलं, खुर्च्या दोन दिवस पाण्यात होत्या. नंतर पॉलिशवर पांढरे ढग आलेत आणि बुरशीचा वास जात नाही. – शाहूपुरी

तुमचं पत्र वाचून २०१९ आठवलं, तेव्हा आम्हीही सामान गच्चीवर चढवत होतो. पांढरे ढग म्हणजे पॉलिशमधे अडकलेला ओलावा, लाकूड खराब झालेलं नसतं. लाखेचं पॉलिश असेल तर फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हातानं, एकदाच सरळ फिरवून बघा, आधी मागच्या पायाच्या आतल्या बाजूला. बुरशीसाठी सीट सोडवून वेगळं करा, जुना फोम आणि कापड सरळ फेकून द्या, वास त्यातच आहे. लाकूड सावलीत, वाऱ्यावर, जमिनीपासून वर उचलून महिनाभर ठेवा. सांधे तपासा, सरस पाण्यात विरघळलेला असू शकतो. पुढच्या वेळी अलर्ट आला की खुर्च्या पहिल्यांदा वर न्या, फ्रीजच्या आधी, हलक्या असतात.

इंटिरियरवाले म्हणतात सगळ्या खुर्च्या मशीननं घासून डार्क वॉलनट करू, वर ग्लॉसी मेलामाइन मारू म्हणजे नवीन टेबलाला मॅच होतील. – नागाळा पार्क

टेबल बदला. मी मनापासून सांगतेय. साठ वर्षांच्या उजेडानं, हातांनी सागाला जो मधाचा रंग आलाय तो अगदी वरच्या पातळ थरातच असतो आणि मशीन तो दहा मिनिटांत खाऊन टाकते, परत यायला अजून साठ वर्षं. शिवाय पाठीच्या पट्टीच्या कडा ज्या हातानं गोल केल्यात त्या मशीनखाली सपाट होतात, मग ती कुणाचीही खुर्ची राहत नाही.

बहुतेक वेळा नुसती स्वच्छता पुरते. कोमट साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, वाळल्यावर जवसाचं उकळलेलं तेल, लिनसीड म्हणून मिळतं ते, अगदी पातळ हातानं, वीस मिनिटांनी जे वर राहिलंय ते सगळं पुसून काढायचं नाहीतर चिकट राहतं आणि धूळ बसते. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना स्वतः गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

आजोबांना खुर्चीवर मांडी घालून बसायची सवय आहे, मोडेल का? – एक नात

मांडीनं काही होत नाही, वजन सीटवरच राहतं. मोडते ती मागचे दोन पाय टेकून पुढचे उचलून झुलणाऱ्यांमुळं, तेव्हा सगळा जोर मागच्या दोन सांध्यांवर जातो. म्हणजे आजोबांना बसू दे, नातवंडांना ओरडा.

चंडीगडच्या त्या लाकूड-वेताच्या खुर्च्याही ह्यातल्याच का? आणि फिनलंड स्कँडिनेव्हियात येतो का? – न्यू महाद्वार रोड

चंडीगडच्या वेगळ्या, त्या पिएर जानेरे ह्या स्विस आर्किटेक्टच्या काळातल्या, तिथल्या सरकारी इमारतींसाठी इथंच बनलेल्या. साग दोन्हीकडं आहे म्हणून गोंधळ होतो. फिनलंड तसा स्कँडिनेव्हियात धरत नाहीत पण खुर्च्यांच्या बाबतीत लोक एकत्रच बोलतात, तिथल्या आल्वार आल्टोनं सागाऐवजी तिथलंच बर्च लाकूड वाकवून कामं केली, त्याचं तीन पायांचं स्टूल १९३३ चं आहे.

ओरिजिनल परवडत नाही. फोटो दाखवून कोल्हापुरातच सुताराकडून वाय चेअर करून घेता येईल का, सहा हव्यात. – फुलेवाडी

वाय चेअर नको. तिची वरची गोल पट्टी अखंड लाकूड वाफेवर वाकवून केलेली असते, मागचे पाय दोन दिशांना वळतात, ते साध्या वर्कशॉपमधे केलं की पट्टी तुकडे जोडून करतात आणि ती जोडावरच सुटते. वेग्नर स्वतः चांभाराचा मुलगा, टोन्डर गावचा, चौदाव्या वर्षी सुतारकाम शिकायला लागला आणि आयुष्यात पाचशेच्या वर खुर्च्या काढल्या. आपण चपलांच्या गावातले लोक, एक अंगठा वाकडा बसला तर पूर्ण जोड परत करणारा कारागीर आपण बघितलेला असतो, त्यामुळं त्याच्या खुर्चीची अर्धवट नक्कल मला तरी बघवत नाही.

पण तुमच्यासाठी त्यातलीच दुसरी एक खुर्ची आहे आणि मला वाटतं कोल्हापूरला तीच शोभते. बोर्गे मोगेन्सन म्हणून डिझायनर होता, डेन्मार्कमधल्या ग्राहक सहकारी संस्थांचा जो संघ होता, एफ. डी. बी. नावाचा, त्याच्या फर्निचर विभागाचा तो प्रमुख होता. सहकारी संघ, बघा, दूध संघ आणि साखर कारखान्याच्या जिल्ह्यात हे वेगळं समजवायला नको. सामान्य सभासदाला परवडेल, छोट्या घरात बसेल असं फर्निचर करायचं हे त्याचं काम होतं आणि १९४७ मधे त्यानं "जे ३९" नावाची खुर्ची काढली, तिला तिकडं लोकांची खुर्ची म्हणतात. सरळ गोल पाय, खाली आडव्या काठ्या, पाठीला एकच रुंद वळणदार पट्टी, सीट कागदी दोरीचं. वाफ फारशी नाही, कोरीवकाम नाही, खराद (लाकूड गोल कातायचं यंत्र) आणि चांगले सांधे येणारा कुठलाही मिस्त्री त्या धर्तीची साधी खुर्ची करू शकतो. मापं उचलून हुबेहूब करू नका, तुमच्या टेबलाची उंची मोजा, टेबल ७५ सेंटिमीटर असेल तर सीट ४५ च्या आसपास ठेवा, पाठीची पट्टी घरातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका माणूस बसवून ठरवा. लाकूड वाळलेलं घ्या, जुन्या घराच्या तुळईतलं मिळालं तर सोन्याहून पिवळं, आणि मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगा की एकही खिळा नको.

आणि सहा एकदम सांगू नका. एक करून घ्या, महिनाभर घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं त्यावर बसून जेवा, कुठं टोचतंय ते मिस्त्रीला दाखवा, मग बाकीच्या पाच.